अक्कांची किळस

बिराजदार अक्कांना किळस लवकर यायची, आणि आलेली किळस त्यांना लपवता यायची नाही. आधी नाकपुड्या फुलायच्या, मग वरचा ओठ एका बाजूनं किंचित वर जायचा, आणि मग त्या म्हणायच्या, "शिवा, शिवा, शिवा." सकाळी कपाळाला विभूती लावताना देवाचं नाव त्या भक्तीनं घ्यायच्या. उरलेला दिवसभर ते किळसेच्या कामी यायचं.

त्या किळसेचा पहिला प्रसाद मलाच मिळाला. मी मूळची उमरीची. लातूरला एका शाळेत नोकरी लागली आणि डाळ मिलच्या मागच्या गल्लीत अक्कांच्या घरावरच्या दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या. सामान लावून झाल्यावर रीत म्हणून बसस्टँडजवळच्या दुकानातून बुंदीच्या लाडवांचा पुडा आणला आणि खाली गेले. अक्कांनी पुडा हातात घेतला, दोरा सोडलाही नाही, नाकाजवळ नेला आणि परत माझ्या हातात दिला.

"खवट हाय."

"ताजे आहेत अक्का. आत्ताच घेऊन आले."

"घेतले आत्ता असतील बाई. तळले कवा, ते इचारलं का?"

माझे कान तापले. वर येऊन मी हट्टानं एक लाडू खाल्ला आणि दुसऱ्या घासाला मला कळलं की त्या बरोबर होत्या. संध्याकाळी जिन्याच्या वरच्या पायरीवर झाकलेलं ताट होतं. त्यात सहा नानकटाया. वर ना बदामाचा काप, ना पिस्त्याचा चुरा. नुसती एक बारीक चीर. तोंडात टाकली तशी विरली, आणि मागं राहिला तुपाचा नि वेलदोड्याचा वास. ताट परत द्यायला गेले तर म्हणाल्या, "आता कळलं का, ताजं कशाला म्हणतेत ते?"

अक्का निलंग्याकडच्या. कानडी मुलखाला लागून माहेर, त्यामुळे बोलणं तोडायचं झालं की म्हणायच्या "साकु", म्हणजे पुरे. त्यांचं साकु ऐकलं की भाजीवालाही गप्प बसायचा. नवरा फौजेत सुभेदार होता. त्याच्यामागं त्यांनी पंजाब पाहिला, आसाम पाहिला, सिकंदराबाद पाहिलं. साहेब रिटायर होऊन लातूरला आले, घर बांधलं आणि दोन वर्षांत छातीत कळ येऊन गेले. तोवर मुलगा महेश भरती झालेला होता. मी राहायला गेले तेव्हा तो कुठंतरी बर्फात होता. कुठं, ते अक्का सांगायच्या नाहीत. "थंडी हाय तिकडं," एवढंच.

घरात साहेबांच्या नावाची काळी लोखंडी ट्रंक होती, वर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. त्या ट्रंकेवर जालंधरहून आणलेला ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन, झाकणाला काचेची छोटी खिडकी असलेला. त्याची वायर किती वेळा बदलली होती कुणास ठाऊक. फौजी बायका बदलीला निघाल्या की पोरं एका हाताला आणि हा ओव्हन दुसऱ्या हाताला, असं त्या सांगायच्या. त्या ओव्हनमध्ये वर्षभराचे सण भाजले जायचे. दिवाळीला नानकटाई, ईदला जिऱ्याची खारी बिस्किटं, गुरुनानक जयंतीला गुळाची जाड बिस्किटं, नाताळला केक. गल्लीतल्या किराणावाल्या आप्पांच्या बायकोला त्या केकचा फार संशय. ती दरवर्षी विचारायची, "अंडं तर न्हाई ना ओ ह्याच्यात?" अक्का आंबट दह्यावर आणि सोड्यावर केक फुगवायच्या, अंड्याला त्यांचा हात लागलेला नव्हता. पण त्या तसं सांगायच्या नाहीत. म्हणायच्या, "तुमाला शंका असंल तर खाऊ नका. शंका घेऊन खाल्लेलं अंगी लागत न्हाई."

नाताळ कशाला, असं मीही एकदा विचारलं होतं.

"युनिटात देऊळ, मशीद, गुरुद्वारा, चर्च एका छपराखाली असतंय बाई. सायबाच्या बाजूला चार जातीची माणसं बंदूक घेऊन झोपायची. त्यांचा सण आला, मी हात बांधून बसू व्हय?"

फौजेबाहेरच्या जगाला त्यांच्याकडे एकच शब्द होता, शिविल, म्हणजे सिव्हिल. वाकडं लावलेलं फरशीचं काम म्हणजे शिविल काम. उशिरा येणारा प्लंबर म्हणजे शिविल माणूस. दिवाळीत गल्लीभर लागणारे प्लॅस्टिकचे चायनीज कंदील पाहून त्या तोंड फिरवायच्या. स्वतः कामट्या तासून, पतंगी कागद लावून चांदणी करायच्या. आणि लग्नपत्रिका! गल्लीतली प्रत्येक जुनी लग्नपत्रिका त्यांच्या घरी यायची. जाड कागद, सोनेरी कडा. त्यांतून त्या भेटकार्डं, छोटे घडीचे कंदील, डब्यांवरची लेबलं कापायच्या. त्यांच्या कात्रीला हात लावलेला चालायचा नाही.

ही कलाकुसर त्या छावणीतल्या बायकांच्या वर्गात शिकल्या होत्या. तिथली एक गोष्ट त्या मला अनेकदा सांगायच्या, आणि प्रत्येक वेळी ओठ तसाच वर जायचा. कुठल्याशा छावणीत प्रदर्शन होतं. अक्कांनी आठ दिवस बसून कंदील केले. मोठ्या साहेबांची बायको पाहुणीला घेऊन आली आणि हे मीच करवून घेतले, कल्पना माझीच, असं सांगू लागली. अक्का शेजारीच उभ्या होत्या. मेमसाहेबांचं लक्ष त्यांच्या बोटांकडे गेलं. "हाथ कितने गंदे हैं तुम्हारे, पीछे खड़ी रहो," ती म्हणाली.

"खळ होती बाई हाताला. गव्हाच्या पिठाची खळ. त्याच खळीनं चिकटीवलेलं दाखवायलीय पाहुणीला, आन् त्याच खळीची तिला घाण वाटायलीय. तवापासनं ठरीवलं, ज्या हातानं केलं त्या हाताचं नाव त्याच्यावर पायजे."

म्हणून त्यांच्या प्रत्येक कार्डामागं, अगदी लेबलामागंही, पेन्सिलीनं करणाऱ्याचं नाव असायचं.

पण नुसती किळसच करणारी बाई असती तर मी तिच्याबद्दल लिहायला बसले नसते. साहेबांच्या युनिटमधले करतारसिंग म्हणून एक हवालदार होते, तेही रिटायर. ते दरवर्षी नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला यायचे. साहेब होते तोवर दोघं नवरा-बायको लातूरहून एसटीनं अहमदपूर, लोहा करत नांदेडला त्यांना भेटायला जायचे. साहेब गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षी अक्का एकट्या निघाल्या. मला उमरीला जायचं होतं म्हणून मी सोबत होते. पहाटे उठून भाजलेल्या बिस्किटांचा डबा मांडीवर. एसटीत कुणी धक्का मारला की डब्यावर दोन्ही हात.

करतारसिंग स्टेशनवरच भेटले, त्यांची परतीची गाडी लागलेली होती. उंच, पांढरी दाढी, पायात दुखणं. अक्कांना एकटं पाहून त्यांना काय झालं ते कळलं. साहेब गेल्याचं पत्र त्यांना पोचलंच नव्हतं. ते तिथंच बाकड्यावर बसले. अक्कांनी डबा उघडून पुढं धरला. त्यांनी एक बिस्किट घेतलं आणि हातात धरून लहान मुलासारखे रडू लागले. मी दुसरीकडे पाहू लागले.

"रोइए मत भाईसाब," अक्का म्हणाल्या, त्यांच्या त्या मराठवाडी हिंदीत. "बिस्कुट भीग रहा है."

ते रडता रडता हसले आणि खाल्लं. गाडी हलेपर्यंत अक्कांनी त्यांच्या पिशवीत डबा बसवला, पाण्याची बाटली भरून दिली, गुडघ्याला कुठलं तेल लावायचं ते सांगितलं. स्वतः रडल्या नाहीत. मला उमरीच्या गाडीत बसवलं आणि रिकाम्या हातांनी एसटी स्टँडकडे वळल्या.

आता ते सांगते, ज्याची मला अजून घाण वाटते.

आमच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला अक्कांना बोलवायची कल्पना माझी. सहावीच्या दोन वर्गांना त्यांनी पितृपक्षापासून शिकवायला घेतलं. लग्नपत्रिकेचं कार्ड, ते उघडलं की आतला पतंगी कागदाचा घडीचा कंदील उभा राहणार. ही कार्डं दिवाळीला जवानांना जायची होती. फळ्यावर मी मजकूर लिहून दिला होता, "सीमेवरील शूर जवानांनो". अक्कांनी तो ओल्या फडक्यानं पुसला.

"हे वाचून वाचून कटाळलेत ती पोरं. तिथं बसून त्यांना घर आठवतंय. तुमी सकाळधरनं काय काय केलं ते लिवा."

मग मुलांनी लिहिलं. कुणी लिहिलं आज डब्यात शेपूची भाजी होती, मी ती बाकाखाली टाकली. साक्षी नावाच्या मुलीनं लिहिलं, आमच्या म्हशीला रेडकू झालं, ते काळं आहे पण कपाळावर पांढरं आहे, अजून नाव ठेवलं नाही. प्रत्येक कार्डामागं पेन्सिलीनं नाव.

त्याच सुमारास आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यानं, त्यांना सगळे भाऊच म्हणायचे, जवानांना दिवाळीचा फराळ पाठवायचं जाहीर केलं. आमच्या हेडसरांनी शाळेतर्फे कार्डं त्या फराळासोबत द्यायचं कबूल केलं, आणि निरोपाचा कार्यक्रम आमच्याच मैदानावर ठेवला. मला बोलावून म्हणाले, "तुमच्या घरमालकीणबाई फौजी घरातल्या ना? त्यांना पाहुण्या म्हणून आणा. मुलाचा एखादा फोटो असेल तर पाठवा."

महेशचा वर्दीतला फोटो माझ्या फोनवर होता. अक्कांनी फ्रेम करून आणायला दिला होता. मी तो त्यांना न विचारता पुढं पाठवला. एक बोट लावलं आणि गेला.

कार्यक्रमाच्या दिवशी अक्का इस्त्रीची पांढरी साडी नेसून आल्या. मैदानात हार घातलेला टेम्पो, त्यात फराळाचे खोके, आणि स्टेजमागं टेम्पोहून मोठा फ्लेक्स. भाऊंचा हात जोडलेला फोटो, भाऊंच्या वडिलांचा, भाऊंच्या मेहुण्याचा. आणि उजव्या कोपऱ्यात महेश. त्याच्याभोवती झेंडूच्या हाराची चौकट, खाली तेवणारी ज्योत, आणि ठळक अक्षरांत "वीरमाता श्रीमती बिराजदार यांच्या शुभहस्ते".

ज्या आईचा मुलगा लढाईत मारला गेला तिला आपल्याकडे वीरमाता म्हणतात. छापणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं, किंवा होतं आणि त्याला फरक पडत नव्हता. अक्कांनी चष्मा लावू नये म्हणून मी मनात धावा करत होते. त्यांनी पर्समधून चष्मा काढला, पुसला आणि लावला.

कोपऱ्यातली ती ओळ त्यांनी ओठ हलवत वाचली. मग माझं मनगट धरलं.

"बाई, माझा महेशा गेला का?"

"नाही, नाही अक्का. काहीतरी चूक झालीय छपाईत."

"ह्यांना आधी कळलं का? सरकारी मान्सं हायत, ह्यांना आधी कळतंय."

त्यांनी फोन लावला. लागला नाही. परत लावला. मी धावत हेडसरांकडे गेले. "सर, त्यांचा मुलगा जिवंत आहे हो."

"हो का?" हेडसर म्हणाले, आणि फ्लेक्सकडे एकदा पाहिलं. "असू द्या आता. छापून झालंय. सन्मानाचाच शब्द आहे ना."

मी काय केलं? मी जागेवर येऊन बसले. भाऊ उशिरा आले. भाषणं सुरू झाली. रक्ताचा थेंब, मातीचं ऋण, मातेची कूस. एकेका वाक्याला टाळ्या. आणि स्टेजवर पहिल्या खुर्चीत ती आई मांडीवर फोन ठेवून बसलेली, दर दोन मिनिटांनी तो लावणारी, कानाला धरणारी, खाली ठेवणारी. शेकडो माणसं तिच्याकडे पाहत होती आणि कुणाला काही दिसत नव्हतं. मला दिसत होतं, आणि मी उठले नाही.

भाऊंचं भाषण रंगात आलं होतं तेव्हा फोन वाजला. अक्कांनी तो तिथंच, माईकशेजारी घेतला. पलीकडचा आवाज आम्हाला ऐकू आला नाही. अक्कांचा आला.

"कुठं होतास रे?... ड्यूटीवर होतास होय... न्हाई, काय न्हाई. जेवलास का?... बरं. बरं. ठेव."

फोन पर्समध्ये ठेवून त्या उठल्या. भाऊंना वाटलं, नारळ फोडायला उठल्या. त्यांनी हसत माईक पुढं केला आणि कुणीतरी फोटोसाठी फराळाचा एक खोका उघडून अक्कांच्या हातात दिला.

"माझा पोरगा जित्ता हाय," अक्का म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "आत्ता बोलला माज्याशी. हे पाटीवरलं काढून टाका."

आणि मग मला त्यांच्या नाकपुड्या फुललेल्या दिसल्या. त्यांनी खोक्यातला लाडू उचलला, वास घेतला.

"शिवा, शिवा, शिवा. खवट हाय हे. महिना झाला आसंल करून. जुन्या तेलातलं हाय." त्या भाऊंकडे वळल्या. "भाऊ, हे माज्या लेकराला धाडायलाव ना? घ्या, आधी तुमी खावा."

"मला शुगर आहे, अक्का," भाऊ हसून म्हणाले.

अक्कांनी लाडू हेडसरांपुढं धरला. हेडसरांनी भाऊंकडे पाहिलं, समोरच्या गर्दीकडे पाहिलं, आणि खाल्ला. सगळा. गिळताना त्यांच्या गळ्याची घाटी वर-खाली होताना मी पाहिली. "छान आहे," ते म्हणाले. आयुष्यात मी खूप घाण पाहिली असेल, पण ते "छान आहे" अजून माझ्या कानातून जात नाही.

"साकु," अक्का म्हणाल्या आणि स्टेजवरून उतरून चालत घरी गेल्या. टेम्पो वाजतगाजत निघाला. फोटो दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर आले, त्यात अक्का नव्हत्या.

हेडसरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पाहुणी तुम्ही आणली, तेव्हा दोन ओळी लिहून द्या, म्हणाले. माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. मी लिहून दिलं की सदर महिलेची मानसिक प्रकृती पतीच्या निधनापासून ठीक नसते. माझ्या हातानं, माझ्या अक्षरात, खाली सही करून. चार दिवसांत ती गोष्ट गल्लीत पोचली. आप्पांची बायको मला हळूच म्हणाली, "डोक्यावर परिणाम झालाय म्हणतेत अक्कांच्या, खरं हाय का?" मी म्हणाले, "मला काय माहीत."

दिवाळी झाली. त्या दिवाळीत मी उमरीला होते. शाळा उघडली त्या दिवशी साक्षी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिचे वडील मार्केट यार्डात हमाल. तिच्या हातात एक तेलकट, पिवळं पडलेलं कार्ड होतं. मागं पेन्सिलीनं तिचंच नाव.

"बाई, माझं कार्ड गेलंच नाही. पप्पा म्हणाले सगळे खोके शेडमध्ये पडलेत."

मी घरी गेले आणि त्या कार्यक्रमानंतर पहिल्यांदा खालचं दार वाजवलं. अक्कांनी कार्ड पाहिलं, चष्मा लावला, साडीचा पदर खोचला. "चला," म्हणाल्या.

यार्डातल्या एका बंद आडतीच्या मागचं पत्र्याचं शेड होतं. दुपारची वेळ, पत्रा तापलेला. साक्षीच्या वडिलांनी दार उघडलं आणि वास अंगावर आला. मी बाहेर पळाले आणि भिंतीशी वाकून उलटी केली. आत आले तेव्हा अक्का पहिला खोका उघडून बसल्या होत्या. लाडवांवर हिरवी लव उगवलेली. चिवड्याचा ओला गोळा. करंज्या फुटून त्यांत अळ्या वळवळत होत्या. उंदरांच्या लेंड्या. आणि त्या सगळ्यावर, मध्ये साधा कागदही न घालता, पोरांची कार्डं ठेवलेली.

जिला खवट लाडवाचा बंद पुडाही घरात चालत नव्हता त्या बाईनं त्या घाणीत कोपरापर्यंत हात घातला. एकेक कार्ड बोटांनी झटकायचं, पदरानं पुसायचं, वर्तमानपत्रावर ठेवायचं. ओठ सरळ होता. शिवाचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. मी शेजारी बसले. चार-पाच कार्डं पुसून झाल्यावर माझ्या तोंडून निघालं.

"अक्का, तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय असं मी लिहून दिलं होतं. हेडसरांना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हातातलं कार्ड पुसून झालं, त्याच्यामागचं नाव वाचलं, कागदावर ठेवलं. मग पुढचा खोका माझ्याकडे सरकवला.

"ह्याच्यातली काढा," त्या म्हणाल्या.

घरी आणल्यावर त्यांनी प्रत्येक कार्डावर जोंधळ्याचं पीठ भुरभुरलं, वर्तमानपत्रात घातलं आणि त्यावर साहेबांची ट्रंक ठेवली. दोन दिवसांनी पीठ झटकलं, परत नवं पीठ. तेल बरंचसं उतरलं. जी वाचणारच नव्हती त्यांची नावं लिहून त्यांनी मुलांना बोलावलं आणि परत करून घेतली. मग ओव्हन लावला. चार डबे नानकटाया भाजल्या, डब्यांच्या तोंडाला मेणकापड बांधलं आणि सगळं स्वतः पोस्टात नेऊन महेशच्या युनिटच्या पत्त्यावर पाठवलं. मला त्यांनी सोबत बोलावलं नाही. जिन्यावर ताटही आलं नाही. आम्ही एका घरात राहत होतो आणि गेटाच्या कडीच्या आवाजावरून एकमेकींच्या वेळा टाळत होतो.

थंडी संपत आली तेव्हा शाळेत साक्षीच्या नावानं एक आंतरदेशीय आलं. महेशच्या युनिटमधल्या कुण्या जवानानं हिंदीत लिहिलं होतं, भैंस के बच्चे का नाम क्या रखा, जल्दी बताओ, यहाँ सब पूछ रहे हैं. साक्षीनं ते पत्र वर्गात इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं.

त्याच्या आधी, नाताळच्या दिवशी, सकाळी मी दार उघडलं तर वरच्या पायरीवर बशी होती. केकचा एक तुकडा. मी खाली जाऊन माफी मागायला तोंड उघडलं तसं त्यांनी हात वर केला. "साकु. बशी धुऊन आणायची असती, शिविलवानी तशीच आणू नका."

भाऊंचं काय झालं? काही नाही. ते अजून फ्लेक्सवर आहेत, हात जोडून. हेडसर सन्मानानं निवृत्त झाले. माझी नोकरी कायम झाली; त्या ऑर्डरवर माझं नाव वाचताना मला आनंद झाला नाही, हे खरं आहे, पण मी ती घेतली हेही खरं आहे.

पुढच्या वर्षी महेशचं लग्न झालं. उत्तरेत त्याला फॅमिली क्वार्टर मिळालं आणि सुनेला दिवस गेले, तेव्हा अक्कांनी लातूरचं घर बंद करायचं ठरवलं. गाडी नांदेडहून होती. मी सोडायला गेले. सामान फार नव्हतं. बाकीचं महेशनं आधीच नेलं होतं.

अक्कांना खिडकीची जागा मिळाली होती. समोरच्या बाकावर किनवटकडची एक तरुण बाई, मांडीवर चार-पाच महिन्यांचं मूल, शेजारी पिशव्यांचा ढीग. पिशव्या लावता याव्यात म्हणून अक्कांनी मूल मागून घेतलं आणि खांद्यावर टाकलं. मी खिडकीच्या गजांबाहेर उभी होते, पोचल्यावर फोन करा, औषधं वरच्या कप्प्यात आहेत, असलं काहीतरी बोलत. मुलानं एक ढेकर दिली आणि अक्कांच्या इस्त्रीच्या साडीवर, मानेवर, गळ्यातल्या इष्टलिंगाच्या दोऱ्यावर दुधाची उलटी केली.

ती पोरगी शरमेनं अर्धी झाली. "अगं माय! द्या, द्या अक्का, मी पुसते, सगळी साडी घाण करून राहिलं बघा."

मी नकळत त्यांच्या ओठाकडे पाहिलं. तो हलला नाही. त्यांनी तळव्यानं आधी मुलाची हनुवटी पुसली, मग त्याच तळव्यानं स्वतःची मान.

"लेकराचं कुठं वंगाळ असतंय, येडे," त्या म्हणाल्या.

गाडी हलली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. एका हातानं मुलाची पाठ थोपटत, दुसरा हात खिडकीबाहेर काढून त्यावर बाटलीतलं पाणी ओतायला अक्का त्या पोरीला सांगत होत्या. पाणी वाऱ्यानं उडून माझ्या अंगावर आलं, तोवर डबा पुढं गेला होता.